हौदाचं कुलूप

त्या शाळेनं मनकर्णाबाईचं ऐकलं ते एकदाच, आणि तेही ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, असं ती पुढं वडवणीला म्हातारी होईपर्यंत म्हणत राहिली.

शाळा शिरूर कासारच्या रस्त्याला, हिवरदरा नावाच्या वाडीबाहेर, उघड्या माळावर होती. दसरा झाला की आसपासची गावं ओस पडायची. ट्रक भरून माणसं ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडं निघायची. मागं राहायची म्हातारी माणसं, दोन-चार शेरडं, आणि ज्यांचं नशीब बरं त्यांची लेकरं या शाळेत. इथं वसतिगृह होतं, दोन वेळची भाकरी होती, पत्र्याची पेटी ठेवायला कोपरा होता. ज्यांचं नशीब बरं नाही ती लेकरं फडात मोळ्या बांधायची. त्यामुळं या शाळेच्या पटावर नाव असणं ही त्या भागात लहान गोष्ट नव्हती.

शाळा आप्पांच्या संस्थेची. आप्पा साखर कारखान्यावर संचालक, दूध संघावर संचालक, सोसायटीचे चेअरमन. जिथं म्हणून सतरंजी अंथरली जाई तिथं लोड आप्पांसाठी असायचा. राहत्या लेकरांच्या शाळेला एक नर्स पाहिजे असा सरकारी नियम होता, म्हणून मनकर्णाबाई. नियमाला बाई पाहिजे होती, शाळेला नको होती. हे तिला पहिल्या महिन्यातच कळलं.

ती मूळची वडवणीची. सोळाव्या वर्षी लग्न झालं, विसाव्या वर्षी नवऱ्यानं मूल होत नाही म्हणून दुसरी केली. रडत बसण्यापेक्षा तिनं बीडला जाऊन नर्सचा दीड वर्षाचा कोर्स केला, बाळंतपणं शिकली, चार वर्षं एका उपकेंद्रात तात्पुरती म्हणून राबली, आणि आईला सांभाळायचं म्हणून ही नोकरी धरली. इथंही तात्पुरतीच. दर जूनला नवी ऑर्डर. ऑफिसातल्या काळ्या फळ्यावर सगळ्या शिक्षकांची नावं पांढऱ्या रंगात लिहिलेली होती, खाली शिपायाचं होतं. तिचं नव्हतं. समोर सगळे तिला सिस्टर म्हणायचे, पाठीमागं गोळीवाली.

तिची खोली धान्याच्या कोठीला लागून. एक खाट, एक कपाट, एक स्पिरिटचा दिवा. पण तिच्याकडं लेकरू येणार कसं? हेडमास्तर अर्जुनराव सरांचा नियम होता की वर्गशिक्षकाच्या चिठ्ठीशिवाय कुणी नर्सच्या खोलीत जायचं नाही, कारण पोरं गणिताचा तास चुकवायला पोट धरून बसतात. म्हणजे लेकरू आजारी आहे की नाही हे आधी इतिहासाचे मास्तर ठरवणार, मग चित्रकलेचे मास्तर कपाळाला हात लावून बघणार, आणि सगळ्यांचं एकमत झालं की चिठ्ठी मिळणार. उंटावरून शेळ्या हाकायचाच तो प्रकार. दवाखान्यात न्यायचं असेल तर हेडमास्तरांची सही आणि संस्थेची जीप, दोन्ही पाहिजेत.

वसतिगृहाचे अधीक्षक होते कवायतीचे उत्तरेश्वर सर. त्यांची तपासणीची रीत आणखी सोपी होती. आजारी म्हणणाऱ्या पोराला मैदानाला दोन चकरा मारायला लावायच्या. पळालं तर बरं आहे, पडलं तर आजारी. वाईट माणूस म्हणावा तर तसंही नव्हतं. रात्री थंडी पडली की स्वतःची चादर लहान्या पोराच्या अंगावर टाकणारा माणूस. पण वीस वर्षं शिट्टी फुंकून त्यांचा असा समज झाला होता की माणसाचं शरीर आतून कसं आहे ते पायांवरून कळतं.

शहाऐंशी साली पाऊस आलाच नाही. म्हणजे जूनमध्ये दोन सरी आल्या, पेरणी करायला लावून गेल्या. पोळ्यापर्यंत शाळेची विहीर तळाला गेली, सरकारी टँकर दिवसाआड यायला लागला आणि हौदात पाणी ओतून जायला लागला. उघडा हौद, दीडशे लेकरं, ज्याच्या हाती जे भांडं तो ते बुडवणार. सप्टेंबरात गॅस्ट्रो झाला. एका आठवड्यात एकोणीस पोरं हागवण-उलटीनं आडवी झाली. मनकर्णाबाईनं चार दिवस पाठ टेकली नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तरेश्वर सरांनीही नाही; घाण झालेली पोरं त्यांनी स्वतःच्या हातांनी धुतली.

तेव्हा तिनं अर्ज लिहिला. हौदाला झाकण बसवावं, झाकणाला कुलूप लावावं, किल्ली एकाच माणसाकडं असावी, त्यानंच पाणी मापून द्यावं आणि रोज औषध टाकावं. अर्ज कचऱ्यात जाणार अशी तिची खात्री होती. पण त्याच आठवड्यात बीडहून मोठे साहेब येणार होते. दोन दिवसांत पत्र्याचं झाकण आलं, हातभर कडी आली, पितळेचं मोठं कुलूप आलं. किल्ली उत्तरेश्वर सरांच्या कमरेला लागली. गॅस्ट्रो थांबला. शिक्षकांच्या बैठकीत अर्जुनराव सरांनी उत्तरेश्वर सरांचं कौतुक केलं आणि टाळ्या वाजल्या. बाई कोठीशेजारी बसून टाळ्या ऐकत होती. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण लेकरं वाचली, कुणाच्या का कोंबड्यानं उजाडेना, असं म्हणून ती कामाला लागली.

मापही ठरलं. डालड्याचा अर्ध्या किलोचा डबा. सकाळी प्रार्थनेआधी एक, दुपारी एक, चारला शाळा सुटताना एक. मग हौदाला कुलूप. संध्याकाळी जेवताना स्वयंपाकघराच्या रांजणातून एक पेला. त्या साली बाहेर गावात बायका एका घागरीसाठी दोन दोन कोस चालत होत्या, तेव्हा या मापाला कुणी नावं ठेवली नाहीत.

भिवरा पाचवीत होती. दहा वर्षांची, काटकुळी, पायानं वारा. बाप शहादेव, आई तुळजाबाई, दोघं दसऱ्यालाच कोयते घेऊन कोल्हापूरकडं गेलेले. घरी एकटा आजा, तात्याबा, तीन कोसांवरच्या वस्तीवर एका शेळीसोबत. दिवाळीनंतर तालुक्याला शर्यती झाल्या त्यात ही पोरगी पहिली आली. उत्तरेश्वर सरांनी तिला खांद्यावर घेऊन मिरवलं होतं. आता जिल्ह्याला नेणार म्हणून ते तिला रोज पहाटे पळवायचे आणि स्वतःच्या वाटचा गूळ तिला खायला द्यायचे. मनकर्णाबाईच्या खिडकीशीही ती चिठ्ठीबिठ्ठी न घेता यायची, कपाटातल्या बाटल्यांची नावं विचारायची आणि दुसऱ्या दिवशी घडाघडा म्हणून दाखवायची.

संक्रांत झाली आणि पोरगी बदलली. पळताना मागं पडायला लागली. वर्गात दर तासाला बाहेर जाऊ का विचारायची. आपली अर्धी भाकरी देऊन दुसरीच्या डब्यातलं पाणी मागायची. एक दिवस टँकरच्या नळीखाली जमिनीवर सांडलेलं पाणी ओंजळीनं पिताना सापडली, दुसऱ्या दिवशी टँकरवाल्याच्या बाटलीला तोंड लावताना. पोरांनी तिला पाणीचोर नाव ठेवलं. दुष्काळात भाकरीच्या चोराला माफी असते, पाण्याच्या चोराला नसते. तिला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर रिकामा डबा डोक्यावर धरून उभं केलं. उत्तरेश्वर सरांना राग जास्त आला, कारण त्यांचा जीव जास्त होता. खांद्यावर घेतली म्हणून माजली, असं ते म्हणाले.

मग ती अंथरूण ओलं करायला लागली. एका मंगळवारी शिक्षकांची बैठक झाली. बैठकीत आरोग्याचा विषय होता आणि आरोग्याची बाई सोडून सगळे हजर होते. ठरलं असं की जी जी पोरं अंथरूण ओलं करतात त्यांचा संध्याकाळचा पेला बंद. चारनंतर थेंब नाही. बाईला हे कळलं दुसऱ्या दिवशी, तेही स्वयंपाकीण वच्छलाबाईकडून.

तिलाही तेव्हा त्यात फार वावगं वाटलं नाही. हे ती पुढं कधी लपवत नसे. थंडीचे दिवस, आईबापाविना लेकरं. अशी चार-दोन दरसाल असायची.

त्यानंतरच्या सोमवारी वच्छलाबाई पदराला हात पुसत खोलीच्या दारात आली. तिचा रोजचा सूर तक्रारीचा, पण आज ती हळू बोलली.

“बाई, त्या भिवरीच्या गोधडीला मुंग्या कावून लागत्यात? वलं करनाऱ्या आणखी तिघी हायत. चारी गोधड्या एकाच तारंवर वाळत घालते मी. मुंग्या तिच्याच गोधडीला.”

मनकर्णाबाईनं हातातलं फडकं खाली ठेवलं. तहान, लघवी, वाळत चाललेलं अंग, आणि मुंग्या. चार गोष्टी चार ठिकाणी पडलेल्या होत्या, त्या एका जागी आल्या. कपाटाच्या तळाला उपकेंद्रातली एक जुनी बाटली होती, गरोदर बायांची लघवी तपासायचं निळं औषध. तिनं भिवराला मागच्या दारानं बोलावलं. नळीत निळं औषध घेतलं, लघवीचे आठ थेंब टाकले, स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. निळं निळंच राहिलं तर साखर नाही. उकळी फुटली आणि नळीत हिरवं झालं, पिवळं झालं, आणि शेवटी भाजलेल्या विटेसारखं लाल होऊन तळाला बसलं.

भिवरा बघत होती. तिला ते आवडलं. पुन्हा करा ना, म्हणाली. मग बाईनं तिला आपल्या माठातलं पाणी दिलं. तांब्याभर पाणी पोरीनं एका दमात संपवलं आणि रिकामा तांब्या तोंडावरून खाली केला नाही.

नळी हातात घेऊन मनकर्णाबाई ऑफिसात गेली. मधली सुट्टी होती, सगळे शिक्षक चहाला जमलेले. तिनं सांगितलं की पोरीच्या लघवीत साखर आहे, लई आहे, आजच बीडला न्यायला पाहिजे, तिथं सुई मिळते, आणि चारनंतरचं पाणी तर आधी सुरू करायला पाहिजे. अर्जुनराव सरांनी चष्मा कपाळावर चढवून नळी बघितली, जशी पोरानं रानातून आणलेली एखादी काडी बघावी, आणि हसले.

“सिस्टर, साखर कुणाला होते? आप्पांना आहे. आपल्या कारखान्याच्या निम्म्या संचालकांना आहे. त्यांचं खाणं तसं, बसणं तसं. या पोरीची हाडं मोजून घ्यावीत. हिच्या बापानं उभा जन्म ऊस तोडला, साखर किती खाल्ली असंल?”

सगळे हसले. हसण्यात वाईटपणा नव्हता, आणि तेच वाईट होतं. कारण त्यांनी पाहिलेली साखर खरोखरच तशी होती: बिनसाखरेचा चहा मागवणारी, गाडीतून उतरणारी, पोट सुटलेली. तो बड्यांचा आजार, मानाचा आजार. ऊसतोड्याच्या घरात तो शिरेल हे त्यांच्या डोक्यातच बसेना. उत्तरेश्वर सर म्हणाले, पाणी मापून दिलं की सगळीच पोरं तहानलेली होतात, एकीला सोडलं तर उद्या दीडशे जणांना साखर होईल. मग अर्जुनराव सरांनी विचारलं की औषध किती सालातलं आहे. बाटली चार वर्षांची होती. बाईनं खरं तेच सांगितलं. झालं. औषध जुनं, सिस्टर, जुनं औषध रंग बदलणारच. शनिवारी आप्पा पाहुणे घेऊन यायचे आहेत, ते होऊ द्या, सोमवारी जीप मोकळी असते तेव्हा पाठवू.

ती खोलीत आली आणि त्याच बाटलीतून आधी स्वतःची, मग इतर तीन पोरींची लघवी तपासली. चारही वेळा निळं निळंच राहिलं. औषध चांगलं होतं. तिनं अर्ज लिहून शिपायाच्या हाती दिला. बुधवारी दुसरा लिहिला, त्यात जिवाला धोका असे शब्द घातले. आपल्या वाटचं पाणी ती भिवराला मागच्या दारानं देत होती, पण तिच्या वाट्याला तरी किती होतं?

आता कुणी विचारेल, आणि तिनं स्वतःला हजारदा विचारलं, की रस्त्यावर एसटी थांबत होती, पोरीचा हात धरून बाई सोमवारीच का गेली नाही? का गेली नाही ते ती सांगायची. परवानगीशिवाय लेकरू बाहेर नेलं तर जूनमध्ये ऑर्डर येणार नाही, आणि वडवणीला आई खाटेवर होती. एवढंच कारण. मोठं कारण नव्हतं. तिनं दुसरा रस्ता काढला. एसटीच्या कंडक्टरबरोबर तात्याबाला निरोप धाडला. पोरीला घरचं माणूस घेऊन गेलं तर कुणाच्या चिठ्ठीची गरज नव्हती.

गुरुवारी तात्याबा तीन कोस चालत आला. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. पण फाटकातून आत आलेला माणूस आधी ऑफिसात जातो, आणि ऑफिसात अर्जुनराव सर होते. त्यांनी म्हाताऱ्याला खुर्ची दिली, चहा पाजला, पोरगी आईच्या आठवणीनं कुढते असं सांगितलं. नेता तर न्या, म्हणाले, पण मधेच नेलेल्या लेकराचं नाव पटावरून कमी करावं लागतं आणि मागं साठ लेकरं जागेसाठी थांबलेली आहेत.

म्हातारा खोलीपाशी आला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं. मनकर्णाबाईनं त्याला परोपरीनं सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता.

“बाई, तुमी म्हंता ते खरंच असंल. पन नाव कटलं तर पुढल्या साली कोयता घिऊन फडातच जाईल की वो ही. तिच्या आईनं पाया पडून घातलीय हितं. सोमवारी जीपनं नेनार हायत म्हनत्यात सर. चार दिसांनी काय हुतंय?”

भिवरा त्याच्या गुडघ्याला टेकून बसली होती. तिनं एकच विचारलं, “आज्या, घरी पानी हाय का?”

“न्हाई गं माझे बाई,” तात्याबा म्हणाला. “घरी कुठलं पानी?”

मग मी हितंच ऱ्हाते, असं ती म्हणाली. म्हातारा उन्हं कलायच्या आत निघून गेला.

शुक्रवारी सकाळी उत्तरेश्वर सरांनी तिला चकरा मारायला लावल्या. त्यांनाही कुठंतरी चुटपुट लागली असावी, आणि त्यांना ठाऊक असलेली एकच तपासणी त्यांनी केली. पोरीनं दीड चकरा मारल्या. ती तालुक्यात पहिली आलेली पोरगी. तिला पळ म्हटलं की ती पळणारच, अंगात जीव नसला तरी. कडेला येऊन ओकली. पळाली की, असं सर म्हणाले, आणि खरंच त्यांचा चेहरा हलका झाला. बाई खिडकीतून बघत होती. त्या क्षणाला तिला त्या माणसाच्या कमरेची किल्ली हिसकावून घ्यावीशी वाटली. तिनं घेतली नाही.

शनिवारी प्रार्थनेला सगळी पोरं धुतल्या कपड्यात उभी होती. आप्पा यायचे होते, फाटकाला आंब्याच्या डहाळ्या बांधल्या होत्या. भिवरा खाली बसली ती उठली नाही. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती आणि तोंडाला नासलेल्या फळाचा वास येत होता. मनकर्णाबाई रांगा तोडून आत घुसली. साखर विकोपाला गेली की हा वास येतो असं कोर्सला शिकवलं होतं, आणि तो पूर्वी कधी तिला आला नव्हता. जीप आप्पांना आणायला गेली होती. अर्जुनराव सर म्हणाले, पाहुणे जाईपर्यंत हिला खोलीत झोपवा. या वेळेला ती ऐकत उभी राहिली नाही. चिठ्ठी नाही, सही नाही, पोरगी उचलून ती फाटकाबाहेर चालायला लागली. उत्तरेश्वर सर चार पावलं मागं आले आणि थांबले.

रस्त्यावर दूध संघाची गाडी मिळाली. दुष्काळात दूध तरी कुठलं, निम्मे कॅन रिकामेच खडखडत होते. त्या कॅनांच्या मधे बाई पोरीला मांडीवर घेऊन बसली. भिवरा पाणी मागत होती. ड्रायव्हरकडं पाण्याचा कॅन होता, त्यानं तो सगळा मागं दिला. आजार लागल्यापासून पहिल्यांदा त्या पोरीला कुणी हवं तेवढं पाणी दिलं. ती प्यायली आणि ओकली, प्यायली आणि ओकली. बीडच्या अलीकडं तिनं मागायचं बंद केलं.

दवाखान्यात हयगय झाली नाही. सलाईन लागलं, सुई दिली, मोठे डॉक्टर स्वतः आले. काय, कधीपासून, सगळं विचारलं. मनकर्णाबाईनं सोमवारच्या नळीचं सांगितलं. डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, “सोमवारी आणायचं होतं, सिस्टर.” त्या दिवसात एवढा एकच माणूस तिच्याशी नर्ससारखा बोलला, आणि तो हे बोलला. पाच वाजता भिवरा गेली.

कोल्हापूरकडच्या कारखान्यावर फोन गेला, पण टोळी कुठल्या फडात आहे ते शोधण्यात दीड दिवस गेला. आईबाप मंगळवारी दुपारी पोचले. तोवर तात्याबानं वस्तीवर मातीचं सगळं उरकलं होतं. दोघं घरी न जाता आधी शाळेत आले. तुळजाबाईच्या हातापायांना उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघा होत्या.

व्हरांड्यात सतरंजी टाकली. आप्पा आले होते. शहादेव खांबाला टेकून बसला. अर्जुनराव सरांनी दोन शब्द सांगितले, आवाज जड करून. आणि मग म्हणाले, “आरोग्याचं सगळं सिस्टरांकडं असतं. आम्ही शिक्षक माणसं, आम्हाला त्यातलं काय कळतं? नर्स यासाठीच तर ठेवलेली असते.”

तीन वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. जे ऐकायला मनकर्णाबाई तीन वर्षं तरसली होती ते तिला त्या व्हरांड्यात ऐकायला मिळालं.

तुळजाबाई तिच्याकडं वळली. त्या भागात मेलेल्या माणसाच्या घरचं कुणीही आधी हेच विचारतं, तेच तिनं विचारलं.

“बाई, जाताना माझ्या लेकीच्या तोंडात पानी घातलं का कुनी?”

हो म्हणणं सोपं होतं. कुणी खोटं पाडणार नव्हतं. मनकर्णाबाईला ते म्हणवेना.

“जाताना न्हाई घातलं. बेशुद्ध होती. गाडीत मागितलं तेवढं दिलं, पन पोटात राहिलं न्हाई.” मग तिनं उरलेलंही सांगितलं. “त्याच्या आधी अकरा दिवस तिला चारनंतर पानी बंद होतं. ती मागत होती. तिला आजारच तहानेचा होता.”

शहादेवनं डोळे वर करून हौदाकडं बघितलं. पत्र्याचं झाकण उन्हात चमकत होतं, कडीला उघडं पितळी कुलूप लोंबत होतं.

“पान्याला कुलूप?” तो म्हणाला. “कुनी लावलं ते?”

अर्जुनराव सर उठून आत गेले आणि फाइल घेऊन आले. त्यांना ती शोधावी लागली नाही. त्यांनी अर्ज बाहेर काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. हौदाला झाकण बसवावं, झाकणाला कुलूप लावावं, किल्ली एकाच माणसाकडं असावी, पाणी मापून द्यावं. तारीख सप्टेंबरची. खाली सही, मनकर्णा, परिचारिका.

“ह्यो कागद तुमचा हाय?” तुळजाबाईनं विचारलं.

“माझाच आहे,” मनकर्णाबाई म्हणाली. “आणखी दोन होते. भिवराचे. सोमवारचा आणि बुधवारचा.”

अर्जुनराव सरांनी फाइल उलटी-सुलटी करून आप्पांपुढं धरली. “फाइलीत एवढाच आहे,” ते म्हणाले.

मनकर्णाबाईनं शिपायाकडं बघितलं, तो आपल्या पायांकडं बघत होता. तिनं उत्तरेश्वर सरांकडं बघितलं. त्यांनी ते दोन्ही अर्ज वाचले होते, हे तिला माहीत होतं. बुधवारचा तर त्यांच्या हातात तिनं डोळ्यांनी पाहिला होता. सरांचे डोळे रडून लाल झालेले होते. त्यांचे ओठ हलले. ते बोलणार असं तिला वाटलं, आणि ती वाट बघत राहिली.

तेवढ्यात चारचा टोल पडला. उत्तरेश्वर सर सवयीनं उठले, कमरेची किल्ली हातात घेतली, तुळजाबाईच्या समोरून चालत गेले आणि हौदाला कुलूप लावून आले.